गाडीचा विमा आहे, पण कुणाचा आणि कशाचा?



बंदी सुरू आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर जेटीला. जाळी विणायची, इंजिनं खोलायची, कागदपत्रं नीट करायची, ती याच दिवसांत. बोटीचे कागद आपण सगळे बघतो. लायसन्स, रजिस्ट्रेशन, डिझेलचा कोटा, सगळं तोंडपाठ असतं. पण ज्या गाडीतून मासळी जेटीवरून म्हापशाला, फोंड्याला, साखळीला नाहीतर चोर्ला घाट चढून बेळगावला जाते, त्या गाडीच्या विम्याबद्दल विचारलं तर एकच उत्तर येतं: "आहे ना, भरलाय."

कुठला भरलाय, ते मात्र एजंटाला माहीत. म्हणून आज गाडीच्या विम्यावर सविस्तर लिहितो आहोत. मजकूर लांब आहे. पण गाडी असलेल्या प्रत्येक सभासदानं पॉलिसी समोर ठेवून तो वाचावा, अशी विनंती.

लिहायला निमित्त काय झालं

गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाची व्हॅन पहाटेच्या पावसात घसरून गडग्यावर आदळली. व्हॅन खाजगी पासिंगची, पांढऱ्या पाटीची. मागच्या सीटा काढलेल्या, आत बांगड्याचे क्रेट. सभासदाला फारसं लागलं नाही, ही देवाची कृपा. गॅरेजवाल्यानं खर्च सांगितला 86,000 रुपये. सभासद निर्धास्त होता, कारण पॉलिसी 'फुल इन्शुरन्स' होती आणि सहा वर्षांत एकदाही क्लेम केला नव्हता.

सर्व्हेअर आला. त्यानं पुढचा भाग बघितला, मग मागचं दार उघडलं. आत बर्फाची पेटी, वजनकाटा आणि मासळीचा वास. त्यानं फोटो काढले, दोन प्रश्न विचारले आणि गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं: क्लेम नामंजूर.

सभासद ते पत्र घेऊन ऑफिसात आला. "मग इतकी वर्षं हप्ते कशाला भरले?" त्याचा राग आम्हाला समजला. आम्ही त्याच्यासोबत बसून पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'वापराची मर्यादा' म्हणून एक परिच्छेद होता. खाजगी गाडी भाड्यानं देण्यासाठी, किंवा नमुने आणि स्वतःचं सामान सोडून इतर मालाची ने-आण करण्यासाठी वापरली तर पॉलिसी लागू नाही. बहुतेक सगळ्या खाजगी गाड्यांच्या पॉलिसीत हे असतं. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचलं आहे? खरं सांगायचं तर तोवर आम्हीही वाचलं नव्हतं.

अशा काही प्रकरणांत कोर्टांनी कंपनीला दाव्याचा काही भाग द्यायला लावलं आहे, हेही खरं. पण त्यासाठी वर्षं जातात. व्हॅन मात्र दुसऱ्या दिवशी बाजारात लागते.

पहिला प्रकार: थर्ड पार्टी

मोटार वाहन कायदा 1988, कलम 146. या कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिले आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो, ज्याला आपल्या गाडीमुळे इजा झाली. रस्त्यावरून चालणारा, समोरच्या स्कूटरवरचा, ज्याच्या दुकानात गाडी घुसली तो. कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी जखमी झालं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते आणि त्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र चारचाकीला 7.5 लाखांपर्यंत आणि दुचाकीला 1 लाखापर्यंतच.

या विम्यात आपल्या स्वतःच्या गाडीला एक पैसाही मिळत नाही. गाडी जळाली, चोरीला गेली, पुरात वाहून गेली, तरी नाही. खूप जणांना हे क्लेमच्या दिवशीच कळतं.

आणखी एक गोष्ट. खाजगी कारला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्याच गाडीत बसलेली आपली माणसं त्यात धरली जात नाहीत. स्कूटरवर मागे बसलेल्याचंही तेच. चवथीला बायको-पोरांना घेऊन सासुरवाडीला निघालात आणि अपघात झाला, तर समोरच्याला भरपाई मिळेल, आपल्या घरच्यांना नाही. 'फुल' पॉलिसीत गाडीतले प्रवासी धरले जातात. हा फरक लक्षात ठेवा.

थर्ड पार्टीचा हप्ता कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. म्हणून तो सगळीकडे सारखाच. 1 जून 2022 पासून लागू झालेले दर बघा (कर वेगळा): 1000 सीसीपर्यंतची खाजगी कार 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसी 3,416 रुपये, त्यावर 7,897 रुपये. 75 ते 150 सीसीची दुचाकी 714 रुपये. आणि एकूण 7,500 किलोपर्यंतची मालवाहू चारचाकी, म्हणजे आपला पिकअप, 16,049 रुपये.

आपली माणसं पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमधून मासळी का नेतात, ते या आकड्यांवरून कळतं. 3,416 आणि 16,049 यांत 12,633 रुपयांचा फरक आहे. वर फिटनेस, टॅक्स वेगळे. लहान धंदेवाल्याला हे जड जातं, हे आम्ही नाकारत नाही. पण बंदीचे दोन महिने सोडून हिशोब केला तरी हा फरक दिवसाला 42 रुपयांच्या आसपास पडतो. आपल्या सभासदाचे एका पहाटेत 86,000 गेले. शिवाय त्या दिवशी रस्त्यात कुणी माणूस असता, तर कंपनीनं त्याला भरपाई देऊन ती नंतर आपल्या सभासदाकडून वसूल करावी, असाही आदेश निघू शकला असता. मग घर विकायची पाळी येते.

दुसरा प्रकार: ओन डॅमेज

ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान. अपघात, आग, चोरी, दंगल, वादळ, पूर, दरड कोसळणं, अंगावर झाड पडणं, हे सगळं यात येतं. कायद्यानं सक्ती नाही, पण गाडी कर्जावर घेतली असेल तर बँक आग्रह धरते.

थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र घेतलं की ती कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. बोलताना आपण तिला 'फुल' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो. 1 सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. इथं एक घोळ होतो. ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. पॉलिसीवर तीन वर्षांपुढची तारीख बघून माणूस निवांत राहतो आणि दुसऱ्या वर्षापासून गाडी नुसत्या थर्ड पार्टीवर फिरते. पॉलिसीवर दोन तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. दोन्ही बघा. ओन डॅमेज संपलं असेल तर ते वेगळं घेता येतं, दुसऱ्या कंपनीकडूनही.

'फुल' असलं तरी पूर्ण बिल मिळत नाही. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापतात. काचेला कपात नाही. लोखंडी भागाची कपात गाडीच्या वयाप्रमाणे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला 25 टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के.

उदाहरण घेऊ. चौथ्या वर्षातली लहान कार. बिल असं: प्लास्टिक 10,000, पत्रा 16,000, काच 6,000, मजुरी 8,000. एकूण 40,000. रंग आणि कर बाजूला ठेवू. प्लास्टिकचे मिळतील 5,000, पत्र्याचे 12,000, काचेचे 6,000, मजुरीचे 8,000. झाले 31,000. त्यातून प्रत्येक क्लेमला मालकानं सोसायचे 1,000 वजा. हातात 30,000. उरलेले 10,000 आपल्या खिशातून.

आयडीव्ही: गाडीची कागदावरची किंमत

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर जास्तीत जास्त किती मिळणार, तो आकडा म्हणजे आयडीव्ही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण मोडली असं धरतात. आयडीव्ही दर वर्षी घटते. दुसऱ्या वर्षात नव्या किमतीच्या 20 टक्के कमी, चौथ्या वर्षात 40 टक्के, पाचव्यात 50 टक्के. त्यापुढे मालक आणि कंपनी मिळून ठरवतात.

काही एजंट हप्ता कमी दाखवायला आयडीव्ही खाली आणतात. हजार रुपये वाचले म्हणून आपण खूश. गाडी गेल्यावर समजतं की कर्ज चार लाखांचं बाकी आहे आणि आयडीव्ही तीन लाखांची. म्हणून हप्त्याआधी आयडीव्ही विचारा.

मालकाचा अपघात विमा

पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर, 15 लाखांचं. मालक स्वतः गाडी चालवताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर हे पैसे मिळतात. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. मालकाच्या नावावर दोन-तीन गाड्या असल्या तरी हे कव्हर एकदा घेतलं की पुरतं.

पण त्यात मेख आहे. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवं. आपल्याकडे कित्येक गाड्या बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर आहेत आणि चालवतो नवरा किंवा मुलगा. अशा वेळी चालवणाऱ्याला हे 15 लाख लागू होत नाहीत. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा घ्या. घरातला कमावता माणूस तोच असतो.

पिकअपमध्ये कोण बसलंय?

हा भाग मासे विकणाऱ्या आपल्या भगिनींसाठी. त्यांना नेणाऱ्या गाडीवाल्यांनीही तो नीट वाचावा.

पहाटे जेटीवरून पिकअप निघतो. मागे क्रेट आणि टोपल्या, आणि टोपल्यांशेजारी दोन-तीन बाया. वर्षानुवर्षं असंच चाललंय. कायदा काय म्हणतो? मालवाहू गाडीतून मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत जात असेल तर तो विम्यात धरला जातो. 1994 च्या दुरुस्तीनं ही सोय झाली. पण सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं आहे की अशा माणसानं केबिनमध्ये बसायला हवं, मागे मालावर नव्हे. आणि ज्याचा माल गाडीत नाही, तो नुसता लिफ्ट घेणारा असेल तर विमा कंपनीची जबाबदारी नाही.

म्हणजे मागे टोपलीपाशी बसलेल्या बाईचा पाय मोडला, तर टोपली तिची असली तरी कंपनी हात वर करू शकते. तिच्या दवाखान्याचा खर्च मग गाडीवाल्यावर. गाडीवालाही आपलाच, बाईही आपलीच, आणि भांडण संस्थेच्या दारात. म्हणून आमचं सांगणं एवढंच: माणसं केबिनमध्ये, आणि आरसीवर जेवढ्या सीटा तेवढीच. बाकीच्या भगिनींसाठी बस किंवा रिक्षा. सगळ्यांनी मिळून रिक्षा ठरवली तर खर्च वाटला जाईल.

पगारी ड्रायव्हर आणि हेल्पर असतील तर त्यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्या. त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. लायसन्सबद्दल एक चांगली बातमी: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला ड्रायव्हर 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं. पण लायसन्स चालू हवं आणि गाडीचं फिटनेसही.

जादा कव्हर: कुठलं घ्यावं, कुठलं सोडावं

झिरो डेप: वर सांगितलेली प्लास्टिक-पत्र्याची कपात यात होत नाही. गाडी नवी असेल तर घ्यावं. जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत.

इंजिन प्रोटेक्ट: आपल्या पट्ट्यात हे कामाचं. पाणी तुंबलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला तर पाणी इंजिनात ओढलं जातं. साध्या पॉलिसीत कंपनी म्हणते, हे नुकसान पुरानं नाही, तुम्ही स्टार्टर मारल्यानं झालं. बोटीच्या इंजिनात पाणी गेलं तर आपण कधी लगेच स्टार्टर मारतो का? मग गाडीला का मारायचा? ढकलून बाहेर काढा, टो करा.

रिटर्न टू इन्व्हॉइस: गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर आयडीव्हीऐवजी खरेदीची किंमत. कर्जावर घेतलेल्या नव्या गाडीला बरं.

गंज मात्र कुठल्याच कव्हरमध्ये येत नाही. बर्फाचं खारट पाणी झिरपून पिकअपचा तळ खाल्ला जातो, ती रोजची झीज. त्याला उपाय गोड्या पाण्यानं धुणं, दुसरा नाही. दारू पिऊन चालवली, लायसन्स नसताना चालवली, तर ओन डॅमेजचा क्लेम गेलाच समजा.

बंदीतली चूक

"गाडी दोन महिने उभीच आहे, विमा ऑगस्टात भरू." असं म्हणणारे पुष्कळ आहेत. उभ्या गाडीवर आंब्याची फांदी पडली तर? विमा खंडित झाला की गाडीची पुन्हा तपासणी होते. आणि 90 दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो नव्या गाडीला लावता येतो.

म्हणून बारीकसारीक क्लेम करू नका. ओन डॅमेजचा हप्ता 8,000 असेल आणि बोनस 50 टक्के, तर वर्षाला 4,000 वाचतात. 2,500 च्या ओरखड्यासाठी ते घालवण्यात अर्थ नाही.

जुनी गाडी विकत घेतली तर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कायद्यानं आपोआप आपल्याकडे येतो, पण नाव बदललं नाही तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो.

अपघात झालाच तर

आधी माणूस, मग गाडी, मग मासळी. जखमीला दवाखान्यात न्या. गाडी हलवण्याआधी फोटो काढा. कुणी जखमी असेल किंवा चोरी असेल तर पोलिसांत नोंद करा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. आणि खोटं सांगू नका. गाडी कोण चालवत होतं, आत काय होतं, ते खरं सांगा. खोटं पकडलं की खरा क्लेमही बुडतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. तिथं फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाच्या बीमा भरोसा सेवेचा फोन नंबर 155255.

आणि पहाटे रस्त्यावर आपल्या कुणाला अज्ञात वाहनानं ठोकरलं आणि ते पळून गेलं, तरी हात टेकू नका. सरकारच्या योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात.

आता काय करायचं

पॉलिसी काढा आणि एवढं बघा: थर्ड पार्टीची तारीख, ओन डॅमेजची तारीख, आयडीव्ही, वापराची मर्यादा, मालकाचा अपघात विमा, ड्रायव्हर-हेल्परची संख्या. गाडीचा नंबर एम-परिवहन अॅपमध्ये टाकून विमा दिसतो का तेही बघा, म्हणजे पॉलिसी खरी की खोटी ते कळेल. समजलं नाही तर पॉलिसी घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. आम्ही विमा विकत नाही, कुणाचं कमिशन घेत नाही. सोबत बसून वाचू, एवढंच.

तो व्हॅनवाला सभासद आता पिवळ्या पाटीचा जुना पिकअप घेऊन धंदा करतो. व्हॅन दुरुस्त करायला त्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. ते नारळी पौर्णिमेपर्यंत सोडवायचे आहेत, असं परवा सांगत होता. हा लेख लिहा, माझं नाव नको पण गोष्ट घाला, हे त्याचंच म्हणणं.

हंगाम सुरू व्हायच्या आत पॉलिसी वाचा. सगळ्यांना भरभरून मासळी मिळो आणि गाड्या सुखरूप घरी परत येवोत.

आपला,
सचिव